मामाजींच्या पिस्तुलाचा वायसर

आमच्या घरात एकच पिस्तूल होते आणि ते मी चहा करताना बिघडवले.

पिस्तूल माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे. ते जंगल खात्यात असताना एका गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना त्यांना दिले होते. नेमबाजीचे, हवेच्या जोरावर छर्रे उडवणारे. त्याला दारू लागत नाही, परवाना लागत नाही. फक्त काळे गोल काढलेला पुठ्ठा लागतो, आणि तो पुठ्ठा लावायला सून लागते. (फळीवर ठोकून खांबांमध्ये टांगायचा. हातात धरून उभी राहण्याइतकी गरीब मी नव्हते!)

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मामाजी टायफॉईडमधून उठले. त्यांचे मौद्याचे मित्र बापूजी भेटायला आले आणि संत्र्यांची पिशवी ठेवून म्हणाले, "रामभाऊ, तुहा हात आता थरथरते गा. पिस्तूल मले देऊन टाक."

"संक्रांतीले ये," मामाजी उशीवरून उठून बसले. "पाच-पाच छर्रे मारू. मी हरलो तं पिस्तूल तुहं. तू हरला तं पोतंभर तांदूळ आणजो!"

बापूजी गेल्यावर मामाजींनी लगेच पिस्तूल खोलले. आत हवा दाबायला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, तो वाळून कडक झाला होता. मऊ व्हावा म्हणून त्यांनी तो गोड्या तेलात भिजत घातला आणि ती वाटी ठेवली कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत!

इकडे माझा स्टोव्ह आठ दिवसांपासून हवा धरत नव्हता. मी रोज म्हणत होते (म्हणजे मनात) की कोणीतरी पंपाचा वायसर आणून द्या. खिडकीत वायसर पाहून मला भरूनच आले. न सांगता आणला! तोही तेलात भिजवून! मी कात्रीने त्याच्या कडा कापल्या, पंपात बसवला, आणि स्टोव्ह असा गरजला की शेजारीण खिडकीत येऊन पाहून गेली.

संध्याकाळी मामाजी ओरडले, "माह्या वाटीतला वायसर कुठी गेला?"

"उंदरानं नेला असन, बाबा," हे म्हणाले. "तेलातलं चामडं तो काय सोडते?"

मी तोंड उघडले. पण लग्नाला सहा वर्षे होऊनही मामाजींशी मी 'चहा ठेवला' यापुढे बोलले नव्हते. तोंड मिटले. घरात पिंजरा आला, त्यात एक निरपराध उंदीर सापडला, आणि मामाजींनी त्याला अर्धा तास झापले. "विलायती वायसर खाऊन राहिला! लाज नाही वाटत?" उंदीर खाली मान घालून बसला होता. त्याच्यामागे मीही.

मग शोध सुरू झाला. पिस्तुलावरचे नाव घासून दोनच अक्षरे उरली होती. त्याच्या पुस्तकातली पाने वाळवीने खाल्ली होती. एकच पान शाबूत उरले, ते जर्मन भाषेत. ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबाने ते दोन दिवस वाचून सांगितले की पिस्तूल ओलाव्यात ठेवू नये. शेवटी त्या पानाच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर मामाजींनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले. उत्तर आले ते पौषात. हे पिस्तूल आता बनत नाही, सुटे भागही नाहीत, उलट तुमचेच आम्हाला विकता का?

मामाजींनी पत्राची घडी केली आणि रिकाम्या पिस्तुलाचा घोडा नुसताच दाबत बसले. टक्. टक्. माझ्याने ते ऐकवेना. ठरवले, काही झाले तरी वायसर आणायचाच!

दुसऱ्या दिवशी मामाजी डॉक्टरकडे गेल्यावर पिस्तूल पिशवीत घातले, वर मेथी ठेवली आणि प्रताप नगरहून बर्डीच्या बाजाराची बस धरली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मेथी माझ्या मांडीवर राहिली, पिस्तूल घरंगळत कंडक्टरच्या पायाशी गेले. मी धावत जाऊन ते उचलले. कंडक्टरने दोन्ही हात वर केले!

"एक बर्डी द्या," मी म्हणाले.

"घ्या, घ्या! पैसे काहून देऊन राहिल्या, ताई?"

तीन माणसे जागेवरून उठली. आयुष्यात पहिल्यांदा माझे एवढ्या लोकांनी एकाच वेळी ऐकले.

बंदुकीच्या दुकानदाराने "ये तो मेरे बाप ने भी नहीं देखा" म्हणून हात जोडले. सायकलवाल्याकडचा वायसर मोठा, स्टोव्हवाल्याकडचा लहान. शेवटी एका मोच्यापुढे बसले.

"जुना वायसर आना ना, बाई. मापाले."

"तो स्टोव्हमध्ये आहे."

"मंग काढा."

"कापला."

मोच्याने माझ्याकडे पाहिले, पिस्तुलाकडे पाहिले. "घरी माहीत आहे का हे?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने सरळ टेप उचलला. देवमाणूस! पिस्तुलाच्या नळीचे माप घेतले, चामडे भिजवून लाकडी गुल्लीवर दाबले आणि वायसर हातात ठेवला.

आता तो मऊ करायचा होता. घरात गोडे तेल होते, नाही कशाला म्हणू? पण स्टोव्हमधला वायसर दोन महिने रॉकेलजवळ राहून लोण्यासारखा झाला होता. तेव्हा माझ्या चौथीच्या अकलेने मी नवा वायसर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला. सकाळी मामाजींना म्हणाले, "पेटीमागे सापडला." त्यांनी आनंदाने बसवला. (त्यांना सर्दी होती, हे माझे नशीब.)

संक्रांतीला बापूजी आले. त्यांचा पहिला छर्रा काळ्या गोलाच्या कडेला लागला. मग मामाजींनी नेम धरला.

धडाम!

पिस्तुलातून धूर निघाला. झाडावरचे कावळे उडाले. बापूजींचा तिळगूळ हातातून पडला. छर्रा पुठ्ठ्यातून, मागच्या फळीतून गेला आणि ओट्यावरच्या किटलीतून चहाची धार लागली.

"अबे, पिस्तूल आहे का तोफ?"

"आमचं असंच आहे," मामाजी म्हणाले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता.

पुढचे छर्रे निमूटपणे उडाले, वायसरमधले रॉकेल दाबलेल्या हवेने पेटून पहिल्याच बारात जळून गेले होते. पण बापूजींना ते कुठे माहीत? मामाजींनी पिस्तूल उचलले की ते कानांवर हात ठेवत, आणि स्वतःची पाळी आली की त्यांचा हात असा थरथरे की एक छर्रा तुळशीत गेला. मामाजी जिंकले!

तेवढ्यात बापूजींनी नाक वर केले. "रामभाऊ, याले रॉकेलचा वास काहून येऊन राहिला गा?"

मामाजींनी पिस्तूल नाकाशी धरले. मग स्वयंपाकघरातल्या स्टोव्हकडे पाहिले. मग दाराआडून दिसणाऱ्या माझ्या पदराकडे. "सूनबाई, तो उंदीर..."

मी आयुष्यातले सर्वांत मोठ्याने बोललेले वाक्य बोलले, "मामाजी, तो उंदीर मीच!"

तांदूळ आला आणि त्याच स्टोव्हवर शिजला. मामाजी एक शब्द रागावले नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांचा चष्मा, मफलर किंवा दातांची कवळी सापडेनाशी झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "सूनबाई, जरा स्टोव्ह खोलून पाहता का?"

आणि खरे सांगते, मी खोलून पाहते.