पाच नंबरची पट्टी

वीस नोव्हेंबर. लातूरच्या दुकानातली एक बाई कमी करायची होती. ते काम फोनवर होत नाही म्हणून सकाळच्या बसने नांदेडहून निघाले.

आमची साड्यांची दोन दुकानं. नांदेडचं मी बघते, लातूरचं मॅनेजर बघतात, नवरा खरेदीसाठी फिरतो. उन्हाळ्यात माझ्या भाचीने दोन्ही दुकानांची बिलं जोडून एक डॅशबोर्ड करून दिला. ती नांदेडलाच विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली आणि आता पुण्यात हेच काम करते. मोबाईल उघडला की कुठल्या दुकानात काय खपतंय, कुठल्या वेळी गर्दी असते, कुणी किती विकलं, सगळं रंगीत पट्ट्यांत दिसायचं. पहिला आठवडा मी ते गंमत म्हणून बघितलं, मग सवय लागली. पैठणीच्या नकलेतला जांभळा रंग नांदेडला पडून आहे आणि लातूरला पुरत नाही, हे मला त्यातच कळलं. त्या एका गोष्टीत भाचीचे कष्ट वसूल झाले.

लातूरला गादीवर सहा बायका बसतात, प्रत्येकीला एक कोड. पाच नंबरची पट्टी दोन महिने लाल होती आणि इतकी आखूड की बोटाने मोठी करून बघावी लागे. सहा वर्षांपासूनची बाई. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, घरात एकटी कमावती. लग्नसराईच्या तोंडावर तिच्या जागी एखादी चटपटीत मुलगी घ्यावी, असं मी ठरवलं. सांगायचं वाक्यही बसमध्ये तयार केलं.

मॅनेजर म्हणाले, "वहिनी, बाई कामाची हाय."

"पट्टी बघा," मी मोबाईल पुढे केला.

"मला पट्टीतलं काय कळतंय? मला गिऱ्हाईक कळतंय." आणि ते चहा सांगायला गेले.

तेवढ्यात औशाकडचं एक कुटुंब लग्नाच्या बस्त्याला आलं. अकरा माणसं. बस्ता चालू असताना बोलणं बरं नव्हे म्हणून मी गादीच्या कडेला बसून राहिले. मानपानाच्या साड्या पाच नंबरने दाखवायला घेतल्या.

"मामी किती?"

"चार. त्यातली थोरली लई खवट हाय," नवरीची आई म्हणाली.

"मग तिला रुंद काठ. धाकट्या तिघींना एकसारख्या. एकीचा जरी रंग उजवा निघाला तर मांडवात भांडण तुम्हाला निस्तरावं लागंल."

"बाई, तुम्ही आमच्या घरात राहून गेल्यात का काय?"

"समद्यांच्या घरात मामी सारख्याच असत्यात."

दीड तासात तिने आत्या, मावश्या, विहिणी, करवल्या सगळ्या निकालात काढल्या. कागदावर एक अक्षर न लिहिता कुणाला काय दिलं हे तिच्या ध्यानात होतं. शालू शेवटी निघाला, तो तिच्या शेजारच्या तीन नंबरच्या पोरीने दाखवला. गठ्ठा बांधायची वेळ आली तशी पाच नंबर उठली आणि मागे जाऊन विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. तीन नंबरने वरच्या साडीला हळदी-कुंकू लावलं, गठ्ठा उचलून काउंटरवर नेला. मॅनेजरांनी तिचं तोंड बघून सगळ्या बिलाला तिचाच कोड टाकला. माझ्या हातातल्या मोबाईलवर थोड्या वेळाने तीन नंबरची हिरवी पट्टी लांब झाली. पाच नंबरची होती तिथेच.

मी मागे गेले. "उठून का आलीस?"

"कुंकू लावायचं होतं ना."

"मग?"

तिने घडी पुरी केली. "तुम्हीच सांगितलं होतं, ताई. कामाला लागले त्या दिवशी. बस्त्याच्या कुंकवाला तू हात लावू नको, गिऱ्हाईक मनात आणतं."

मी म्हटलं होतं. नवीन दुकान, गिऱ्हाईक बिचकू नये एवढाच तेव्हा विचार. सांगितलं आणि विसरून गेले. नांदेडला गादीवर पुरुषच असतात, कुंकू तेच लावतात, त्यामुळे तिथे प्रश्न आला नाही. इथे ती सहा वर्षं प्रत्येक बस्त्याला न चुकता उठत होती, आणि जी कुंकू लावील तिच्या नावावर बस्ता, हे आपोआप होत गेलं होतं.

भाचीला फोन केला.

"मावशी, बिलात जे टाकाल तेच मी दाखवणार. कुंकू कोण लावतं हे मला कुठून दिसणार?"

"प्रत्येकीचं वेगळं बिल करू का?"

मॅनेजरांनी ऐकलं. "वहिनी, बस्त्याचं बिल तोडत नसतात. लोक अशुभ मानतात."

भाची म्हणाली, "बिल एकच ठेवा. ओळी वेगळ्या, ओळीगणिक कोड."

बसमध्ये तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं. पाच नंबरला मी का आले होते ते सांगितलं नाही. तिने ओळखलं असावं. दुपारभर ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. मुक्कामाला नणंदेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला शटर उघडल्यावर सहाही जणींना पेनं दिली. आपण विकलेल्या साडीच्या किमतीच्या चिठ्ठीवर आपला आकडा लिहायचा, एवढाच नियम.

"माझा कोणता?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"पाच."

मग काउंटरवरची हळदी-कुंकवाची कोयरी उचलून मी गादीच्या मधोमध, गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला ठेवली. मॅनेजर काउंटर सोडून पुढे आले.

"आता कोण लावणार, वहिनी?"

"ज्यांच्या घरचं लग्न, ते लावतील."

साडेअकराला पहिला बस्ता बांधून झाला. नवरीची आजी इकडेतिकडे बघायला लागली. पाच नंबरने कोयरी तिच्यापुढे सरकवली.

"लावा आजी, तुमचंच हाय."

आजीने लावलं. पाच नंबरने गठ्ठा उचलला आणि काउंटरवर नेला. मी चिठ्ठ्यांवरचे आकडे बरोबर टाकले जातायत का ते बघितलं आणि बस स्टँडला रिक्षा केली.