नावाड्याची टोपी

आमचा धाकटा कवळ्या बनवतो. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तो काम करतो ती लॅब आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हा प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि असा बसवतो की माणूस हसला तरी घरच्यांना कळू नये. हाताला एवढी कला, वय सत्तेचाळीस, आणि अक्कल मात्र जिथे अडकली तिथेच अडकलेली. मी त्याची सख्खी मोठी बहीण, त्याच घरात राहते, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

तो तेरा वर्षांचा असताना मामाने त्याला व्हिडिओ गेमचं एक वापरलेलं यंत्र आणून दिलं आणि सोबत एक जपानी खेळ. एक नावाडी, त्याची नाव आणि न संपणारी नदी. पुढे त्याचे आणखी दोन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी नावाडी नदीच्या मधोमध पोचतो, धुकं उतरतं आणि पडदा काळा होतो. चौथा भाग कंपनीने काढलाच नाही. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले, आई गेली, बाबांचे सगळे दात पडले. आमचा धाकटा आपला नदीच्या मधोमध.

हा एकटाच असा असता तर निदान कीव तरी आली असती. पण या लोकांना एकमेकांचा पत्ता लागला. गावात तीसेक जण निघाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ते कागदांच्या गठ्ठ्यांवर बसायचे आणि काथ्याकूट करायचे. कोणी बँकेतला, कोणी लिफ्ट दुरुस्त करणारा, बहुतेक बापये, पोराबाळांचे. धाकटा त्यांचा अध्यक्ष. कंपनीने खेळाच्या नावाची नोंदणी पुढे वाढवली म्हणून एकदा यांनी केक कापला. मी म्हटलं, "अरे, बंद घराचं कुलूपही माणूस बदलतो. म्हणून तो राहायला येतो का?"

"ताई, तुला त्यातलं कळत नाही."

एकदा कंपनीतल्या कोणा म्हाताऱ्या चित्रकाराचा फोटो कुठेतरी छापून आला. त्याच्या टेबलावर यांना नाव दिसली. झेरॉक्सवाल्याने तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी भिंतभर केला. तो स्टेपलर होता.

त्या सगळ्यांत धड माणूस एकच, शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. दर रविवारी दुपारी त्या आमच्याकडे यायच्या, धाकट्याशेजारी बसून तेच जुने तीन भाग खेळायच्या आणि सहाच्या ठोक्याला उठायच्या. बाबांना त्या आवडायच्या. मलाही, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं की दीड महिन्याने एका जुन्या मित्राची भेट घडवू. झालं, आमच्या घराचं लग्नघर झालं. धाकट्याने लॅबमधून रजा घेतली. त्याच वेळी बाबांची कवळी त्याच्याकडे मेणात अर्धवट पडून होती. महिनाभर बाबा सगळं कुस्करून खात होते. मी विचारलं की म्हणे, "उद्या बघतो." शेवटी मीच जिने चढून लॅबच्या मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दोन दिवसांत काम पुरं करून दिलं. पहिल्याच दिवशी बाबांनी सबंध काकडी खाल्ली. धाकट्याला दात आल्याचा पत्ता आठवड्याने लागला.

जाहीर करायचा दिवस आला. सकाळी सात वाजता आमच्या पुढच्या खोलीत अकरा जण दाटीवाटीने बसले. चपला जिन्यापर्यंत गेल्या. टीव्हीवर धुकं आलं, मग पाण्याचा आवाज आणि मग खरंच नावाडी. चौथा भाग. पुढच्या वर्षी. लिफ्टवाला हमसून हमसून रडला. धाकट्याने बाईंचा हात धरला आणि लगेच सोडला. मलाही क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो.

चहा गाळून बाहेर आणला तर खोलीचा नूर पालटलेला.

"टोपी," झेरॉक्सवाला म्हणाला. "टोपी वेताची हवी. ही कापडाची आहे."

परत लावून बघितलं. कापडाचीच होती.

"वल्हं डाव्या हातात आहे," दुसरा म्हणाला.

"याला त्यांनी गोड करून टाकलाय," लिफ्टवाला म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते.

चहा निवायच्या आत एवढ्या वर्षांची भक्ती नासली. दुपारपर्यंत निषेधाचा मसुदा तयार झाला: वर आपल्या भाषेत, खाली यंत्राकडून करून घेतलेलं जपानी. मागणी अशी की हा अपमान ताबडतोब थांबवा. पहिली सही अध्यक्षांची, म्हणजे आमच्या दिवट्याची.

कागद बाईंकडे गेला तेव्हा त्यांनी तो वाचला आणि मांडीवर ठेवला.

"टोपीसाठी?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न टोपीचा नाही, तत्त्वाचा आहे," धाकटा म्हणाला.

"मला तो फक्त काठावर उतरलेला बघायचा होता. डोक्यावर काहीही असलं तरी."

बाईंनी कागद पुढे सरकवला, चपला शोधल्या आणि गेल्या. त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

यांच्यासारखे शहाणे जगभर असणार, कारण कंपनीकडे असल्या कागदांचा ढीग पडला. चार महिन्यांनी कंपनीने पत्रक काढलं: चाहत्यांच्या भावनांचा आदर राखून काम बेमुदत थांबवत आहोत. यांनी पुन्हा केक कापला. धाकटा शीळ घालत घरी आला. त्याला इतका हलका मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ज्याच्यासाठी जन्म घालवला ते स्वतःच्या हाताने मोडलं आणि वर आनंद. मी हात टेकले.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"वाट बघणार," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो आनंद पुढचे आठ महिने पुरला. मग मंडळात कुजबुज सुरू झाली. कापडाची टोपी तशी वाईट नव्हती, नाही का? वल्हं डाव्या हातात धरलेले नावाडी असतातच की. झेरॉक्सवाल्याने नवा कागद छापला. थांबवलेलं काम कृपया पुन्हा सुरू करा, टोपी कशीही चालेल. "कशीही" खाली जाड रेघ. पहिली सही पुन्हा अध्यक्षांची. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी विचारलं, "बाईंची सही कुठाय?"

दुसऱ्या दिवशी तो लॅबमधून लवकर निघाला, स्वच्छ शर्ट घातला आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी घरी आला तो तोंड पाडून.

"भेटल्या?"

"भेटल्या."

"मग?"

त्याने कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो नीट वाचलेला दिसत होता. 'पुनर्जीवित' दुरुस्त करून 'पुनरुज्जीवित' केलं होतं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं आणि एक लांबलेलं वाक्य तोडून सरळ केलं होतं, सगळं लाल शाईने, नेटक्या अक्षरात.

सहीची जागा कोरी होती.

"काही बोलल्या का?"

"म्हणाल्या, आता पाठवायला हरकत नाही," धाकटा म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.