दक्षिण ध्रुवाचं शेवटचं बिस्कीट

"हलतंय! अरे, हलतंय ते!"

लंडनहून आलेला तो सव्वासहा फुटी माणूस पांढरे हातमोजे घातलेले दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्या आवाजाने थेम्सवरची बदकं जी उडाली ती थेट फ्रान्सला जाऊन उतरली. यातलं फ्रान्स माझ्या पदरचं, बाकी सगळं खरं. त्याच्यासमोर काचेची पेटी उघडी होती. पेटीत निळ्या मखमलीवर एक बिस्कीट होतं. ते अगदी हळू, झोपेत कूस बदलावी तसं, हलत होतं.

मार्गरेटने चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतलं आणि वाकली. मार्गरेट म्हणजे त्या म्युझियमची क्युरेटर, वस्तूंची सांभाळकर्ती. एकतीस वर्षं तिथेच. तिने पातळ उलथन्यासारखी एक पट्टी बिस्किटाखाली सरकवली आणि बिस्कीट बसलं. म्हणजे छप्पर बसतं तसं. वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता. आत भुकटी, आणि भुकटीत पाय असलेले तपकिरी ठिपके.

मी पेटीखाली जमिनीवर बसून हवेची नळी सोडवत होतो. सगळे पेटीत बघत होते. मी वर बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती.

आता नीट सांगतो. मी एअर कंडिशनिंगचा इंजिनियर. पुण्यात चार वर्षं थिएटरं थंड केली, मग वर्क परमिटवर इंग्लंडला आलो. ज्या देशात बाहेर उभं राहिलं की फुकट गार होतं तिथे एसीचं काय काम, असं माझे सासरे विचारायचे. काम असतं. म्युझियममध्ये हवा गार करायची नसते, ती कोरडी ठेवायची असते. हवेत दमटपणा किती, याला आम्ही आरएच म्हणतो. आरएच वर गेला की कागदाला बुरशी, लाकूड फुगतं, लोखंड गंजतं. खाली गेला की चामडं तडकतं. म्हणून तो पंचेचाळीस टक्क्यांवर धरून ठेवायचा, डोंबाऱ्याने दोरीवर तोल धरावा तसा. मेडनहेडच्या पुढे नदीकाठच्या एका गावातलं हे छोटं म्युझियम आमच्या फर्मकडे होतं, आणि दर पंधरवड्याला मी तिथे जायचो.

म्युझियम धाडसी प्रवाशांचं. होकायंत्रं, दुर्बिणी, आफ्रिकेचे अर्धे कोरे नकाशे, कुणाकुणाच्या बेटांवरून उचलून आणलेले भाले. पण शाळांच्या बसेस यायच्या त्या बिस्किटासाठी. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका तुकडीतले चार जण परतताना तंबूत उपासमारीने मेले. पुढच्या उन्हाळ्यात शोधायला गेलेल्यांना चौघे सापडले, आणि चौघांच्या मधोमध रुमालात गुंडाळलेलं एक अख्खं बिस्कीट. कुणी खाल्लं नव्हतं. दगडासारखं टणक. माझा बॉस कीथ म्हणायचा, याला दात लावला तर दातच पेटीत ठेवावा लागेल.

का खाल्लं नाही? मार्गरेट प्रत्येक शाळकरी पोराला एक कार्ड द्यायची आणि हाच प्रश्न विचारायची. कुणी लिहायचं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घ्यावं. कुणी लिहायचं, विसरले. एका मुलीने लिहिलं होतं, खाल्लं असतं तर संपलं असतं. मार्गरेटने हजारो कार्डं जपून ठेवली होती. मला एकदा म्हणाली की झेंडे, नकाशे, सगळं आग लागून गेलं तरी चालेल, एवढं राहिलं की झालं. मला ते पटलं. ज्या लोकांनी जगभर फिरून डोळ्यांना दिसेल ते उचललं, त्यांनी एवढी एकच वस्तू हाताशी असून घेतली नव्हती.

आता माझ्या घरी या. लंडनच्या टोकाला, पिनरला आमचं भाड्याचं घर होतं. त्यातली बुरशी इतकी जुनी की घरपट्टी तिच्या नावाने यायला हवी होती. न्हाणीघरात काळी, बेडरूममध्ये हिरवी, आणि स्वयंपाकघरात रोज नव्या रंगाची. तिथे सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली थालिपिठाची भाजणी महिनाभर टिकायची नाही. त्या वर्षी सहा किलो आली. विद्या, माझी बायको, म्हणाली, "या वेळी ही खराब झाली ना, तर आईला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

सासूबाईंना तोंड देणं किंवा भाजणी वाचवणं. मी दुसरा रस्ता धरला. अख्ख्या इंग्लंडात चोवीस तास कोरडी हवा कुठे असेल तर ती माझ्याच ताब्यात होती. म्युझियमच्या जिन्याखाली कंट्रोल पॅनेलचं कपाट होतं. त्याची किल्ली मार्गरेटकडे आणि माझ्याकडे, पण ती ते कधी उघडत नसे. या कपाटातून बोटाएवढी एक नळी थेट बिस्किटाच्या पेटीत जायची, कोरडी हवा घेऊन. नळी मीच बसवली होती आणि मला तिचा अभिमान होता. तिच्या तोंडाशी फिल्टर होता. फिल्टर म्हणजे बारीक जाळीचा डबा. धूळ, किडा, केस, काही आत जाऊ नये म्हणून. तो कपाटात चार इंच पुढे यायचा.

भाजणीचा डबा चार इंचांनी बसत नव्हता.

मी फिल्टर काढला, वरच्या फळीवर ठेवला आणि डबा सरकवला. आरएच पंचेचाळीस. भाजणीसाठी याहून चांगली जागा बकिंगहॅम पॅलेसमध्येही मिळाली नसती. दर पंधरा दिवसांनी मी टूलबॅगेतून थोडी घरी न्यायचो. विद्याला सांगितलं की ऑफिसात कोरडं कपाट आहे. थालिपिठं अशी व्हायची की शेजारचा गुजराती कुंपणावरून पाय टाकून यायचा.

जानेवारी ते मे, सगळं छान. मेच्या मध्यावर डबा उघडला आणि आत पोरकिडे. पुण्यातून अंड्यांसकट आले असणार. पॅनेलची ऊब, धने, जिरं, बाजरी. त्यांनी तिथे संसार थाटला होता. डब्याच्या झाकणावर, फळीवर, आणि तीन-चार नळीच्या तोंडाशी.

मी डबा कचऱ्याच्या पिशवीत घातला. कपाट व्हॅक्यूमने साफ केलं. फिल्टर परत लावला. अर्ध्या तासात कपाट आरशासारखं. मग वर गेलो आणि पेटीवर टॉर्च मारला. बिस्कीट होतं तसं होतं, गुळगुळीत. मी श्वास सोडला.

खाली मार्गरेट चिकट कागदाचे सापळे तपासत होती. म्युझियममध्ये कोपऱ्याकोपऱ्यात असे कागद ठेवतात आणि दर महिन्याला त्यावर चिकटलेले किडे मोजतात. जिन्याजवळच्या कागदावर तिला तीन सापडले होते. तिने मला विचारलं, तुझ्या कपाटात काही दिसलं का?

इथे एक हिशेब सांगायला हवा. माझं वर्क परमिट फर्मच्या नावावर. चार वर्षं झाली की देशात कायम राहायचा शिक्का मिळायचा. माझी चार वर्षं ऑक्टोबरात भरत होती, आणि एप्रिलमध्येच सरकारने चाराची पाच केली. मे महिन्यात माझ्यापुढे आणखी दीड वर्ष होतं. मधे नोकरी गेली तर मी, विद्या आणि सगळा बाडबिस्तरा परत पुण्याला.

"नाही," मी म्हणालो. "खिडकीतून आले असतील."

तिने वहीत तसं लिहिलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. मीच तर हवा बघायचो.

त्या म्युझियमवर तेव्हा कुऱ्हाड टांगलेली होती. ते कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पैशावर चालायचं आणि पुढच्या जानेवारीत ते बंद करायचं की नाही ते ठरणार होतं. मार्गरेटच्या हातात एकच पान होतं: लंडनच्या एका मोठ्या म्युझियमने नव्या जगाचा शोध घेणाऱ्यांवर प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं, आणि मधोमध ठेवायला त्यांना आमचं बिस्कीट हवं होतं. पोस्टरवर गावाचं नाव येणार. तसं झालं तर कौन्सिलची बंद करायची हिंमत होणार नाही, असं ती म्हणायची. तिने केससुद्धा कापून घेतले होते.

जुलै फार तापला. मी फिल्टर परत लावण्याआधीच काही किडे नळीतून पेटीत पोचले होते, आणि किडे उन्हाळ्यात वाढतात. बिस्किटाच्या खालच्या अंगाला, मखमलीला टेकलेल्या बाजूने, ते आत शिरले आणि तीन महिने आतून खात राहिले. वरून बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं. ऑक्टोबरात पांढऱ्या हातमोज्यांनी पेटी उघडली, तेव्हाचं तुम्ही ऐकलंच.

दोन दिवसांनी किड्यांचा तज्ज्ञ आला. मायक्रोस्कोपखाली बघून त्याने सांगितलं की हा किडा पीठ, पाव, मसाले यांवर जगतो. "धने तर त्याला विशेष आवडतात," तो म्हणाला. त्या खोलीत सात माणसं होती. रोज धने खाणारा मी एकटा. एकानेही माझ्याकडे मान वळवली नाही. इंग्रजांची सभ्यता म्हणतात ती हीच, आणि मला ती त्या दिवशी चाबकासारखी लागली.

मग सगळ्यांना तळमजल्यावरचा चहाचा काउंटर आठवला. तिथे डोरीन नावाची सत्तरीची बाई फुकट काम करायची. घरून केक करून आणायची, त्यात बिया असायच्या, बडीशेपेच्या भावंडासारख्या. तज्ज्ञाने तिची बरणी उघडली. बरणीत एकही किडा नव्हता. पण असू शकतो, असं त्याने रिपोर्टात लिहिलं, आणि म्युझियमच्या कमिटीला तेवढं पुरलं. काउंटर बंद झाला. डोरीन बरणी घेऊन गेली ती परत आली नाही. पंधरा वर्षं मी यांना केक खाऊ घातला, असं ती दाराशी कोट चढवताना म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. दाराशी मी एकटा होतो.

कीथ मला पार्किंगमध्ये घेऊन गेला.

"आपली रीडिंग्ज?"

"पंचेचाळीस. वर्षभर."

"फिल्टर?"

"बसवलेला आहे."

"मग आपण सुटलो," तो म्हणाला, आणि व्हॅनमध्ये बसून सॉसेज रोल खाऊ लागला.

लंडनवाल्यांनी बिस्किटाऐवजी दुसऱ्या म्युझियममधली बर्फावरची घसरगाडी नेली. जानेवारीत कौन्सिलची मीटिंग दहा मिनिटांत संपली. मार्चअखेर म्युझियमला कुलूप लागलं. माझी फर्म यंत्रं काढायला गेली आणि त्या कामावर मलाच पाठवलं. नळी मी हाताने उपटून काढली. तिच्या आत, वळणावर, अजून दोन मेलेले होते.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. फिल्टर काढला की लॉगबुकात लिहायचं: कधी काढला, का काढला, कधी लावला. आज माझ्या हाताखाली नवे इंजिनियर येतात तेव्हा मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. त्यांना वाटतं, म्हातारा कागदावर मरतो. त्या म्युझियमच्या लॉगबुकात जानेवारी ते मे माझ्या अक्षरात नऊ ओळी आहेत. नऊही ओळींत एकच मजकूर: सर्व ठीक.

पुढच्या ऑक्टोबरात माझी पाच वर्षं भरली आणि पासपोर्टवर शिक्का बसला. विद्याने शिरा केला. आणि मग, शिक्का वाळल्यावर, मला धैर्य आलं. धैर्याचं माझ्याकडे असंच असतं. नोव्हेंबरात एका रविवारी मी मेडनहेडला मार्गरेटच्या घरी गेलो.

ती बैठकीत बसून मुलांची कार्डं खोक्यांत भरत होती. जुनी कागदपत्रं जपणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला द्यायची होती, पण त्यांनी फक्त शंभर मागितली होती आणि तिला ती निवडता येत नव्हती. तिने चहा केला. कप हातात असतानाच मी सगळं सांगितलं. भाजणी म्हणजे काय इथपासून. डबा, चार इंच, फिल्टर, कचऱ्याची पिशवी, खिडकी. डोरीनचंही. मी पुष्कळ बोललो. मला गोष्टी रंगवायची सवय आहे, पण त्या दिवशी एकही शब्द माझ्या पदरचा नव्हता.

 माझं संपल्यावर तिने हातातलं कार्ड खोक्यात ठेवलं आणि एवढंच विचारलं की मला किडे पहिल्यांदा कधी दिसले.

"मे महिन्यात," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत, त्याच दिवशी."

"मेमध्ये सांगितलं असतंस तर मी बिस्कीट दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलं असतं, किडे मेले असते," ती म्हणाली. "बाकी काही करावं लागत नाही."