अख्खी गिळायची गोळी

आमच्याकडे किस्से साठतात ते ओटीमुळे. येणारा प्रत्येक जण ओटीवर टेकतो, पाणी पितो, काहीतरी बोलून जातो, आणि मग मी दिवसभर त्या वाक्याभोवती फिरत बसते. मंदार, म्हणजे माझा नवरा, आठवडाभर नोकरीसाठी मुंबईत असतो आणि शनिवारी मांडव्याच्या बोटीने घरी येतो. तोवर माझ्याजवळ एवढा साठा झालेला असतो, की सांगायला बसले की दुसऱ्या किश्श्यालाच तो घोरायला लागतो! म्हणून लिहायला घेतलं. कागद निदान घोरत तरी नाही.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे मग हसायला मोकळे.

इरा झाली आणि माझं डोकं फिरलं. अक्षरशः फिरलं. हे मूल माझं नाहीच, कोणीतरी बदललंय, असं मला वाटायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, डोकं हळूहळू ठिकाणावर आलं. इरा माझीच निघाली! पण ते औषध बंद होताना एक खूण मागे ठेवून गेलं. माझं तोंड आपोआप हलायला लागलं. ओठ मुडपतात, जबडा काहीतरी चघळल्यासारखा फिरतो, जीभ मधूनच बाहेर डोकावून जाते. यात माझं काही चालत नाही. मी त्या तोंडाची फक्त मालकीण. आता ते थांबवायला दुसरी गोळी. सकाळी एकच घ्यायची, ती पोटात दिवसभर सावकाश सुटत राहते. ‘एक्स्टेंडेड रिलीज’ म्हणतात तिला.

इरा आता तीन वर्षांची आहे. एवढ्या काळात घरच्यांनी मला तिच्याबरोबर एकटीला कधी सोडलेलं नाही. तसं कोणी म्हणत नाही हो! सासूबाईंना फक्त वाटाणे सोलायला नेमकी आमचीच खोली लागते. त्या देवळात गेल्या की शेजारच्या सुमनवैनी ‘सहजच आले’ म्हणून येऊन बसतात आणि सासूबाईंच्या चपला अंगणात वाजल्या की ‘सहजच’ उठून जातात.

त्यामुळे माझ्याभोवती माणूस कायम असतं. बोलायला मात्र कोणी नसतं.

* * *

आमची सुपारीची वाडी. आणि सून कायम काहीतरी चघळतेय! गावाने काय समजावं?

हळदीकुंकवाला एवढ्या बायका जमलेल्या, आणि सुमनवैनी भर ओटीवर म्हणाल्या, “काय गं केतकी, एकटी एकटीच? आम्हालाही दे की एखादं खांड!”

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आता या खरं सांगतात की काय! सासूबाईंनी शांतपणे कोनाड्यातला सुपारीचा डबा काढला आणि सगळ्यांपुढे फिरवला. “घ्या हो. हिला माहेरपासूनची सवय आहे.”

माझ्या माहेरी डोंबिवलीला सुपारी फक्त पूजेला आणतात!

तेव्हापासून ज्या घरी जाते तिथे पाण्याच्या आधी सुपारी पुढे येते. नाही म्हणता येत नाही. तोंड हलण्याला एक अब्रूदार कारण मिळालं, म्हणून मीही खाते. अडचण एवढीच, की सुपारी संपल्यावर सगळ्याजणी थांबतात आणि मी थांबत नाही.

“भारीच टिकते गं तुझी!” सुमनवैनी म्हणतात.

* * *

या गोळीसाठी आम्ही मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, सासूबाई आणि इरा. मंदार तिथे भेटणार होता, पण त्याची मीटिंग लांबली.

बाई फार नेमक्या. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, “जीभ बाहेर काढा. तशीच स्थिर ठेवा.”

ठेवली. म्हणजे प्रयत्न केला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळून बघितलं. इराने जीभ बाहेर काढलेली. ते मूल आहे, समजू शकतो. पण तिच्याशेजारी आमच्या सासूबाई, नऊवारीत, मांडीवर पर्स, आणि जीभ पार हनुवटीपर्यंत!

“आजी, मी यांना सांगितलं.”

“हो, पण कितपत स्थिर राहू शकते ते बघत होते,” सासूबाई म्हणाल्या. “माझीसुद्धा हलते हो थोडी.”

डॉक्टरीणबाई हसल्या, गोळी लिहून दिली आणि बजावलं. फोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची. “आणि मूडवर लक्ष ठेवा. या गोळीने कधी कधी उदास वाटू शकतं. तसं काही दिसलं तर लगेच कळवा.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला सांगितलं होतं. उचललं ते सासूबाईंनी.

* * *

गोळी सुरू झाली आणि सासूबाईंच्या शब्दसंग्रहात एका इंग्रजी शब्दाची भर पडली. चहाचा कप पुढे ठेवायचा आणि विचारायचं, “मूड?”

“ठीक आहे.”

“ठीक म्हणजे कसा?”

आता याचं उत्तर सकाळी सकाळी कोणाला देता येतं? मी खिडकीबाहेर बघितलं तर मूड. जेवताना भात उरला तर मूड. मी इराला जवळ घेऊन गप्प बसले की सासूबाई दारात उभ्या. मूड!

एकदा कांदा चिरत होते. विळीवर मी, डोळ्यांतून धारा. सासूबाई आत आल्या, विळी माझ्या पुढ्यातून उचलली आणि सरळ मंदारला फोन. “अरे, ही रडतेय. समोर विळी आहे. तू ताबडतोब नीघ.”

“आई, कांदा आहे!” मी ओरडले.

“कांदा म्हणतेय,” त्यांनी फोनमध्ये सांगितलं, आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, “म्हणेलच ना!”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फ्रिजमध्ये कांदा चिरून डब्यात भरलेला असतो. एवढी सोय कुठल्या सुनेला आहे सांगा! एकच त्रास झाला. कधीतरी खरंच रडावंसं वाटतं, आणि आता घरात निमित्त उरलेलं नाही.

* * *

मग माझा घसा धरला. तोंडही आलेलं. थुंकी गिळताना जीव जात होता, तिथे गोळी कुठली गिळणार?

“दे इकडे,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे एक जुनी सहाण आहे. तिच्यावर मंदारची बाळगुटी उगाळली, इराची उगाळली. वेखंड, हळकुंड, बदाम, एकेकाचे ठरलेले वळसे. सासूबाईंनी त्याच सहाणेवर माझी गोळी घेतली आणि छान एकजीव उगाळली. वर मध घातला. शिवाय ‘घसा दुखतोय, झोप तर लागू दे’ म्हणून जायफळाचे दोन वळसे! चांदीच्या बोंडल्यातून पाजायच्याच बाकी होत्या.

मी चाटलं. आईच्या हातचं औषध घेऊन किती वर्षं झाली होती! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुपारी पानावर बसले आणि पेंगत आमटीत डोकं घातलं.

सासूबाईंनी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काय काय केलं ते सगळं सांगितलं, मधासकट. फोनमधून बाईंचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. “अहो आजी! दिवसभर थोडी थोडी सुटायची गोळी आहे ती! तुम्ही अख्खा दिवस एकदम पोटात घातलात! अलिबागला नेऊन आधी दाखवा त्यांना!”

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मग संध्याकाळची चिंता मिटली ना?”

अलिबागला डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. मध्येच जाग आली तर सासूबाई पायाशी स्टुलावर बसलेल्या, इरा मांडीवर झोपलेली. या नक्की कोणाला कोणापासून सांभाळतायत, हे मला नेहमीप्रमाणे कळलं नाही. विचारणार होते, तेवढ्यात परत झोप लागली.

* * *

त्यानंतर मी गोळीच्या बाबतीत जास्तच काटेकोर झाले. अख्खी गिळायची म्हणजे अख्खी. आणि एके सकाळी संडासात बघते, तर गोळी! जशीच्या तशी, आकारासकट!

माझं धाबं दणाणलं. म्हणजे इतके दिवस औषध अंगी लागतच नव्हतं? लगेच मंदारला फोन केला. तो मांडव्याच्या बोटीत, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावलेला. हे मला माहीत नव्हतं.

“मंदार, गोळी बाहेर आली!”

“उलटी झाली का?”

“नाही!”

“मग कुठून बाहेर आली?”

मी सांगितलं. स्पष्ट शब्दांत सांगितलं. फोनमध्ये इंजिनाचा आवाज सोडून सगळे आवाज बंद झाले. मग कोणीतरी अनोळखी गृहस्थ अगदी सहानुभूतीने म्हणाले, “वहिनी, घाबरू नका. माझ्या शुगरच्या गोळीचं पण असंच होतं.”

त्यांचं खरं निघालं. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. औषध आत झिरपून जातं, वरचं टरफल तेवढं बाहेर पडतं. बाहेरून अख्खी, आतून रिकामी. यात घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या. माझी तर आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोळीशी इतकी ओळख पटली.

* * *

कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप आहे. चौघी. इराच्या वेळेनंतर मी त्यातून हळूहळू बाजूला झाले, मग एका रविवारी हिंमत करून व्हिडिओ कॉलवर गेले. केस विंचरले, मागे माड दिसतील अशी जागा धरली. सगळ्या ‘अय्या केतकी!’ म्हणून किंचाळल्या. छान वाटलं.

मी ऐकत होते. एकीचं घर, दुसरीचं प्रमोशन. मी काहीच बोलत नव्हते, नुसती ऐकत होते.

मध्येच एकजण म्हणाली, “केतकी, तुझा आवाज येत नाहीये गं! नुसतं तोंड हलतंय!”

“हो ना,” दुसरी म्हणाली, “लॅग होतंय वाटतं. काय म्हणालीस? परत सांग!”

तिघी स्क्रीनला कान लावून थांबल्या.

“नेटवर्क,” मी म्हणाले आणि कॅमेरा बंद केला.

कोकणात नेटवर्क नसतं, यावर मुंबईच्या माणसाचा देवाइतका विश्वास असतो. तेव्हापासून माझं नेटवर्क बिघडलेलंच आहे.

* * *

इरा घर-घर खेळते. आजी व्हायचं असलं की कमरेवर हात. बाबा व्हायचं असलं की पाठीला सॅक. एकदा माझी ओढणी गुंडाळून ओटीवर बसली आणि बाहुलीला मांडीवर घेऊन नुसतीच तोंड हलवायला लागली. ओठ मुडप, जीभ बाहेर, जबडा गोल गोल.

“इरा!” सासूबाई ओरडल्या. “असं नाही करायचं!”

“मी आई आहे,” इरा म्हणाली. “आई अशीच असते.”

आता गोळीने माझं तोंड बरंच शांत झालंय. घाबरले, दमले, तर हलतं. पण इराचा खेळ अजून जुन्याच आईवर चालू आहे.

* * *

मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. परवा पुण्याचं एक जोडपं आलं होतं, सात-आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन. सकाळी नवरा समुद्रावर पुढे गेला. बायको बाळाला कडेवर घेऊन ओटीवर आली.

“काकू, याला थोडा वेळ बघाल का? हा झाल्यापासून मी एकदाही पाण्यात पाय घातला नाहीये.”

सासूबाई पेचात पडल्या. वाडीत नारळ उतरवायला पाडेली येऊन थांबला होता. किती दिवस निरोप धाडले तेव्हा उगवलेला, तो परत गेला तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. मंदार मुंबईला. सुमनवैनी लेकीकडे रोह्याला.

“या घेतील का?” म्हणत त्या मुलीने बाळ माझ्याकडे केलं.

आणि माझं तोंड सुटलं. व्हायचंच ते. ओठ, जबडा, सगळंच. तिने बाळ पटकन छातीशी ओढलं, सासूबाईंकडे सरकली आणि हळूच विचारलं, “या… बऱ्या आहेत ना?”

मी इराचे केस विंचरत होते. फणी तिथेच थांबली. या घरात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

“बऱ्या म्हणजे?” त्या एकदम कडाडल्या. “अहो, आमची नात जन्मल्यापासून हीच सांभाळते! घे गो केतकी, हात पुढे कर!”

मी हात पुढे केले. बाळ आलं. जड होतं, आणि दुधाचा वास. ती मुलगी दोनदा मागे बघत समुद्राकडे गेली.

उरलो मी, इरा, ते बाळ आणि सासूबाई. मला वाटलं, आता या वाटाण्यांची टोपली आणतील.  पण त्यांनी पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि वाडीकडे चालू लागल्या. फाटकाशी थांबल्या, वळल्या, आणि तिथूनच ओरडल्या,

“अगो, पाहुण्यांच्या पोराला रडू देऊ नकोस हो! आपलं रडलं तर चालेल!”