पांढऱ्या फुलांची पऱ्हाटी

आश्विनातल्या सकाळी फुलावर आलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरलं की दवानं ओली झालेली पानं मांड्यांना लागत राहतात, आणि चुरगळलेल्या पाल्याचा तुरट, किंचित तेलकट वास काळ्या मातीच्या वासात मिसळून दिवसभर अंगाला चिकटून राहतो. असल्या वासांनी लोकांना बालपण वगैरे आठवतं. मला माझा नीचपणा आठवतो.

निजामाची राजवट होती. राजधानीतल्या विद्यापीठात शिक्षण उर्दूतून चाले, आणि आम्हा सात-आठ परभणीकर विद्यार्थ्यांनी तिथे एक शेतकी मंडळ काढलं होतं; त्याला सगळे ‘अंजुमन’ म्हणत. पिंगळी स्टेशनाजवळ एका जमीनदारानं दिलेल्या तुकड्यात आम्ही पिवळ्या फुलाची, लांब धाग्याची पऱ्हाटी वाढवायचो आणि तिची सरकी आसपासच्या शेतकऱ्यांना बियाणं म्हणून फुकट वाटायचो. पांढऱ्या फुलाची, आखूड नि खरबरीत धाग्याची जात ही आमची वैरीण. दसऱ्याच्या सुटीत आम्ही त्या शेतांतून फिरायचो, आणि पांढरं फूल दिसलं की ते झाड शेतकऱ्याला मुळासकट उपटायला लावायचो. उपटायचं ते त्यानं स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं उपटलं तर माणूस विसरतो, स्वतः उपटलं की पुन्हा भेसळ करायला धजत नाही. हा नियम माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला होता, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मन्मथआप्पा हे पिंगळीचे साठीला टेकलेले लिंगायत शेतकरी. “आप्पा म्हातारपणी पोरखेळ करायलाय,” अशी गावानं थट्टा केली, तरी त्यांनी आपलं सगळं तीन एकरांचं रान आमच्या बियाण्यानं पेरलं होतं. त्या सकाळी आम्ही त्यांच्या बांधावर पोहोचलो आणि थबकलो. दर तिसरं झाड पांढरं. कोवळ्या उन्हात ते रान फार सुंदर दिसत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

“आप्पा, बाजारची सरकी मिसळलीत तुम्ही,” मी म्हणालो.

“न्हाई मालक. तुमी दिल्यालं पोतंच हाय. बाहेरचा एक दाणाबी न्हाई.” त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. “ह्याची आण.”

आणि त्याच क्षणी मला चैत्रातली एक दुपार आठवली. कापसातून सरकी वेगळी करायच्या हातचरकीवर मी एकटाच बसलो होतो. एक मोठा ढीग पिवळ्या फुलाच्या कापसाचा, आणि त्यानंतर दुसरा, लोकांना फरक दाखवण्यासाठी ठेवलेल्या पांढऱ्या फुलाच्या कापसाचा. गाडीची वेळ झाली होती, शेवटचं पोतं भरत नव्हतं, म्हणून दोन्ही ढिगांची खाली पडलेली सरकी मी एकत्र लोटून त्यात भरली होती. ते पोतं सगळ्यांत उशिरा आलेल्या आप्पांच्या वाट्याला गेलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. पण मागे मंडळाची मुलं उभी होती, बांधावर गाव जमलं होतं, आणि मी मंडळाचा चिटणीस होतो. मी म्हणालो, “शपथेनं फूल पिवळं होत नाही, आप्पा. उपटा.” मुलं हसली, मग बांधावरची माणसंही हसली.

आप्पांची बायको पुढं आली. “फुलावर आलंय हो. कापूस वेचल्यावर काढतो की.”

“ऱ्हाऊ दे,” आप्पा तिला म्हणाले. “त्यांचा कायदा हाय.”

ते उकिडवे बसत, बुंध्याला दोन्ही हात घालत, हिसका देत, आणि मग पायानं खड्डा बुजवून पुढच्या झाडाकडे सरकत. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातांची सालं निघाली. मी मागून चालत, नजरेतून निसटलेली झाडं काठीनं दाखवत होतो. मला त्यांचाच राग येत होता, इतक्या निमूटपणे उपटत होते म्हणून. एकही झाड मी सुटू दिलं नाही.

गाव पांगल्यावर आप्पांनी हात धुतले आणि आम्हा सगळ्यांना ताक दिलं. उन्हात आम्हीही दमलो होतो ना. मग माझ्याजवळ बसून हलक्या आवाजात म्हणाले, “मालक, लय इचार केला. मागल्या सालची सरकी कणगीत ऱ्हायली असंल, तीच मिसळली असंल. ध्यानात न्हाई. तुमी शिकल्याली माणसं, तुमचं कसं चुकंल? म्हंजी म्या खोटी आण घेतली.”

अजूनही वेळ होती. मी ताक संपवलं आणि म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

गेलेल्या पिकाचं दुःख ते पुढच्या पेरणीला विसरले असतील. त्या आणेचं मात्र त्यांनी काय केलं, कुठल्या मठात जाऊन कसलं प्रायश्चित्त घेतलं, किती दिवस लिंगाला हात लावायला कचरले, हे विचारायला मी पिंगळीला पुन्हा कधी उतरलो नाही. परभणीला जाता-येता गाडी मात्र तिथे दर खेपेला थांबायची.