तेलाला थंडी वाजली

माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. काचबिंदूने त्याची नजर दोन्ही बाजूंनी आत आत सरकत चालली होती. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. नेमक्या त्याच वर्षी त्याने आपल्या गाडीसाठी ऑइल कूलर निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. मोबाइलवर वाचायला गेलं की निम्मी ओळ गिळली जाते, म्हणाला. त्याची नजर अधू झाली होती हे खरं, पण आंधळेपणा म्हणून जो काही झाला तो मी केला.

गाडी म्हणजे एक छोटी डिझेल, टर्बोवाली. दादाचं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं छोटं शेड आहे, आणि रविवार या गाडीच्या पोटात हात घालण्यात जायचा. वर्षातून एक-दोनदा शहराबाहेरच्या माळावर शर्यत भरते. तिथे एका वेळी एकच गाडी सोडतात, नारिंगी शंकूंमधून वळणं घेत ती पळते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. दादा तिथे कधी पहिला आला नाही. पण ती फेरी मारून उतरला की लग्न ठरल्यासारखा दिसायचा.

डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. रस्त्यावरची त्याने मुकाट्याने सोडली. माळावरची एक फेरी मात्र वहिनीकडून मागून घेतली. आडवं कोणी येत नाही, मी एकटाच असतो, असं बरंच काही बोलला. शेवटी वहिनी म्हणाली, एकदाच, जानेवारीत, तीही सावकाश, त्यानंतर किल्ली भावजींकडे. भावजी म्हणजे मी. एका माणसाची शेवटची हौस माझ्या हातात येत होती आणि मी चहात खारी बुडवत बसलो होतो.

अडचण तेलाची होती. टर्बोचा पंखा धुराच्या जोरावर फिरतो, तापून लाल होतो, आणि त्याला जिवंत ठेवतो तो तेलाचा पातळसा थर. मे महिन्यातल्या सरावात आमचं तेल इतकं तापलं की त्याचं पातळ ताक झालं. तेव्हा जाळीमागे तेलाचा वेगळा रेडिएटर बसवायचा ठरला. तोच ऑइल कूलर.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात दोन प्रकार निघाले. एक लहान, आणि त्याच्यासोबत वॉल. तेल गार असेपर्यंत हा वॉल कूलरची वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. दुसरा चांगला पाटाएवढा, बिनवॉलचा.

आता वॉल म्हटलं की आमच्या गावात एकच शास्त्र: तो काढायचा असतो. गाडी गरम झाली की मिस्त्री आधी रेडिएटरचा वॉल उपटतो आणि मग दुखणं काय ते विचारतो. वडिलांच्या जीपचा काढला होता, मामाच्या टेम्पोचा काढला होता. हे बर्फाच्या देशातलं खूळ, आपल्याला काय करायचंय, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. दुकानदार त्याच पंथाचा निघाला. म्हणाला, "शेठ, काढून फेकायची वस्तू विकत कोण घेतं?" मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे चार ठिकाणी मी ते स्वतःचं म्हणून ऐकवलं. पाटाएवढा कूलर घेऊन आलो. दादाने फोनवर विचारलं, नीट विचार करून घेतलास ना? मी म्हटलं, "फ्रीज आणलाय दादा, फ्रीज."

ऑक्टोबरच्या उन्हात मीच गाडी माळावर पिदडून पाहिली. तेल तापायचं नाव घेईना. दादाने पाठ थोपटली. मी पेढे खाल्ले, तेही स्वतःच आणलेले.

मग जानेवारी आला. त्या पहाटे माळाकडे जाताना दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत शेकोट्या धुमसत होत्या. थंडीने मणी तडकतात म्हणून शेतकरी रात्रभर धूर करतात. अख्खा जिल्हा द्राक्षांना ऊब देत होता आणि मी तेल गार करायचं यंत्र घेऊन निघालो होतो. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी म्हटलं, काय मस्त वास येतोय.

माळावर रांगेत इंजिन चालू ठेवलं, पण तेलाचा काटा तळाशी चिकटून राहिला. तेल काकवीसारखं घट्ट आणि ते पाटाएवढ्या कूलरमधून गारठून परत येत होतं. घट्ट तेल टर्बोपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि तो जळतो, म्हणून गार तेलावर टर्बो ओढायचा नाही, हे दादाचं ब्रीद. मी जाळीवर कांद्याचं बारदान बांधलं, त्यावर माझा मफलर गुंडाळला. मागच्या गाडीवाल्याने विचारलं, सर्दी झालीय का हो तिला? लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. काटा थोडा हलला आणि पुन्हा रुसला. आयोजकांनी आमचा नंबर एकदा मागे ढकलला, दुसऱ्यांदा नाही म्हणाले. ऊन चढायच्या आत माळ मोकळा करून द्यायचा होता.

मी खिडकीत वाकलो. "दादा, तू ओढ. इंजिन गेलं तर गेलं. नाहीतरी तुला पुन्हा थोडीच चालवायचीय."

बोलून गेल्यावर कळलं काय बोललो ते. मी कडेला होतो, म्हणून मला बघायला त्याला अख्खी मान वळवावी लागली.

"मला नाही चालवायची," तो म्हणाला. "तिला चालायचंय ना अजून."

बारदान काढायला सांगून तो निघाला. टर्बोची शिट्टी एकदाही वाजली नाही. शंकूंमधून गाडी अशी गेली, जणू मागच्या सीटवर कोणी बाळंतीण बसली आहे. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, वरात निघाली मंडळी, अक्षता तयार ठेवा. मी मफलर हातात धरून उभा होतो. फेरी संपली. एरवी तो उतरल्यावर जे दिसायचं, ते त्याच्या तोंडावर नव्हतं.

पुढे मी वॉल बसवून घेतला. आता गाडी थंडीतही झकास पळते. दादा तिच्यात बसत नाही.

पण त्या दिवशी, फेरी संपली तेव्हा, वहिनी माझ्याशेजारी उभी होती. पदर खोचून तिने टाळ्या वाजवल्या. तिचे डोळे भरले होते. "माझं ऐकलं हो यांनी," ती मला म्हणाली. "किती सावकाश गेले बघा."

तेवढ्यात दादा आमच्यापर्यंत आला होता आणि त्याने ते ऐकलं होतं.

"तुझ्याच शब्दाखातर," तो तिला म्हणाला.

मग तिच्याकडेच बघत त्याने किल्ली माझ्यापुढे धरली, माझ्या हातापासून वीतभर बाजूला. मी हात तिकडे नेला.