नऊ पुस्तकांचा अर्ज

आमच्या वाचनालयातून नऊ पुस्तकं काढून टाकावीत असा एक अर्ज आला, आणि त्या एका अर्जापायी आमच्याकडे इतके किस्से जमले की आता लग्नाच्या पंगतीतही लोक मला धड जेवू देत नाहीत. 'बाई, तो कुलपाचा सांगा ना', 'बाई, तो शिफारशीचा सांगा.' मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 'बाई, ते त्रैराशिक पुन्हा सांगा' असं एकाही पोरीनं कधी म्हटलं नाही. त्यामुळे आता कुणी मागतंय तर मी हात आखडता घेत नाही.

वाचनालय आमचं सक्करदऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत. तिथली ग्रंथपाल लता मेश्राम, माझी जुनी विद्यार्थिनी. चोवीस वर्षं त्याच टेबलावर. बोलते कमी, नियम मात्र तिला तोंडपाठ. आणि रोज फुकट पेपर वाचायला येणारी आम्ही चार-पाच रिटायर मंडळी, आमचं नाव वाचक मंडळ.

अर्ज आणला देवीदासजींनी. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान, राहायला आमच्याच वस्तीत. माणूस वाईट नाही, कुणाच्या घरी मयत झाली तर सर्वात आधी पोचतो, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. यादीतलं पहिलं पुस्तक होतं आपल्याच शहरातल्या एका गिरणी कामगार बाईचं आत्मचरित्र. त्यात शिव्या आहेत, नवऱ्याचा मार आहे, जात विचारून पाणी देणारी माणसं आहेत. अर्जात त्याला एकच शब्द होता, 'घाण'.

लताची आई त्याच गिरणीत कामाला होती. "बाई, हे पुस्तक इथून गेलं तर मीही जाणार," ती म्हणाली, आणि खरोखरच राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. निर्णय तीन महिन्यांनी सभासदांच्या सभेत व्हायचा होता. तेव्हा मी पुढं कितीही हसवलं तरी हे लक्षात असू द्या की त्या तीन महिन्यांत मला धड झोप नव्हती.

*

पहिल्या दिवशी पाच जण आले. लतानं अर्ज शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सभासद क्रमांक?"

"कायचा क्रमांक?" देवीदासजी म्हणाले.

"वाचनालयाचा. तक्रार फक्त सभासदांची घेता येते."

"अवो म्याडम, मी वीस वर्षांपासून याच वस्तीत राहून राहिलो ना."

"वस्तीत आहात. रजिस्टरमध्ये नाही."

पाचही जणांनी फॉर्म भरले. फोटो नव्हते, म्हणून घरी जाऊन फोटो घेऊन आले. एकाकडे फक्त लग्नातला होता, त्यानं बायकोला कात्रीनं वेगळं करून स्वतःला चिकटवलं. त्या महिन्याच्या अहवालात लतानं लिहिलं, 'सभासद वाढीसाठी विशेष प्रयत्न झाले.' अध्यक्षांनी तिला कौतुकाचं पत्र पाठवलं.

*

यादी तपासली तर नऊपैकी दोन पुस्तकं आमच्याकडे नव्हतीच. यादी कुठून तरी मोबाईलवर आली होती आणि देवीदासजींनी ती न वाचता छापून आणली होती.

"नाही म्हणजे?" ते म्हणाले. "यादीत तर आहेत."

"यादीत आहेत. कपाटात नाहीत."

"ते मले माहीत नाही. नऊ म्हणजे नऊ काढाची. सात काढली तर लोकं म्हणतीन, दोन काहून सोडली?"

लतानं शांतपणे दुसरा कागद पुढं सरकवला. "मग आधी आणावी लागतील. हा खरेदीच्या शिफारशीचा फॉर्म."

देवीदासजींनी सही केली. दीड महिन्यानं दोन्ही पुस्तकं आली, नवीकोरी. आमच्याकडे पद्धत आहे की पहिल्या पानावर शिफारस करणाऱ्याचं नाव लिहायचं. लताचं अक्षर सुंदर आहे, तिनं लाल शाईनं लिहिलं.

*

तक्रारीचा नियम असा की नुसतं 'घाण' लिहून चालत नाही. पान क्रमांक लिहायचा आणि कारण लिहायचं. म्हणजे वाचणं आलं! देवीदासजींनी आपल्या माणसांत पुस्तकं वाटली. त्यांचा साळा दिनेश, त्याच्या वाट्याला मुलींसाठी लिहिलेलं वयात येण्याबद्दलचं पुस्तक आलं. ते घरी नेणं त्याच्यानं होईना, कारण घरी दोन मुली. मग तो रोज दुपारी आमच्याकडे येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा, पेपरात पुस्तक लपवून वाचायचा आणि मधूनच घाम पुसायचा.

एका दुपारी नववीतल्या दोघी त्याच्या मागून डोकावल्या. दिनेशनं धडपडत पेपर मिटला, पुस्तक खाली पडलं, नेमकं चित्राच्या पानावर उघडं.

"काका," त्यातली एक म्हणाली, "हे आमच्या सायन्समध्ये पण आहे. त्यातलं चित्र जास्त क्लिअर आहे. उद्या आणून देऊ?"

दिनेशनं लतासमोर येऊन आपला तक्रारीचा कागद भरला. पान क्रमांकाच्या जागी रेघ मारली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'माहिती बरोबर आहे.' मग हळूच विचारलं, "म्याडम, हे मोठ्या पोरीसाठी नेऊ का? तिच्या मायले सांगणं जमून नाही राहिलं."

*

देवीदासजींनी शाळेलाही यादी पाठवली. माझीच जुनी शाळा. तिथल्या हेडबाई भित्र्या, फोन वाजला तरी उभ्या राहतात. त्यांनी शाळेच्या पुस्तकांच्या काचेच्या कपाटाला आतून ती यादी चिकटवली आणि वर ठळक लिहिलं, 'ही पुस्तके विद्यार्थिनींनी वाचू नयेत.'

शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या दारात दप्तरांची रांग. पोरींनी वहीच्या मागच्या पानावर अख्खी यादी उतरवून आणली होती, लेखकाच्या नावासकट, समासही सोडला होता.

"मॅडम, ही नऊ पायजेत," पहिली म्हणाली.

"कोणी सांगितली?" लतानं विचारलं.

"हेडबाईंनी."

मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. मी तीस वर्षं 'पोरींनो, वाचा गं' म्हणून घसा कोरडा केला. मला मेलीला हे का सुचलं नाही!

*

सभेला तीन आठवडे राहिले तेव्हा मात्र माझं हसू पळालं. समितीवर दबाव आला. सचिवांनी पत्र काढलं की निर्णय होईपर्यंत नऊही पुस्तकं कपाटात बंद करून सील करावीत. म्हणजे सभेआधीच निकाल. लतानं ते पत्र फायलीला लावलं. मग ड्रॉवर उघडला आणि राजीनाम्यावरची जुनी तारीख खोडून त्या दिवशीची घातली.

तेवढ्यात आमच्या मंडळाचे गुणवंतभाऊ आले. हे कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे अडते. लिलावात आयुष्य गेलं, त्यामुळे 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ते जे कुजबुजतात ते बाहेरच्या पानठेल्यावर ऐकू येतं. पुस्तकाशी त्यांचा संबंध नाही, ते राशिभविष्यासाठी येतात.

"लताबाई, उद्या सील करून राहिले ना? मंग आज काय करून राहिले?"

"आज काही नाही."

"आज देता येते पुस्तक?"

"आज येतं."

"मंग द्या एक मले."

"भाऊ, तुम्ही कुठं वाचता?"

"नाही वाचत. मह्या मर्जीनं नाही वाचत. कोणी वाचू नको म्हणन तर मंग वाचाचंच हाय मले."

संध्याकाळपर्यंत नऊही पुस्तकं गेली. दोन माझ्याकडे, एक गुणवंतभाऊंकडे, तीन पोरींकडे. वयात येण्याचं आधीच दिनेशच्या घरी होतं आणि लाल शाईवाली दोन खुद्द देवीदासजींकडे, पान क्रमांक शोधायला! दुसऱ्या दिवशी सचिव कुलूप घेऊन आले.

"पुस्तकं?"

"वाचकांकडे."

"परत मागवा."

"मुदत संपल्यावर. नियम सात."

सचिवांना आदेश पाळणं भाग होतं. त्यांनी कपाट बंद केलं, कुलूप लावलं, लाख ओतली, सही केली. त्या कपाटात आमचे चहाचे कप होते. समितीची पुढची बैठक झाली तेव्हा सगळ्यांनी स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला. पेले देवीदासजींच्या दुकानातून मागवले.

*

आणि मग सभा. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. लता टेबलाशी उभी, राजीनामा पर्समध्ये. मला दिसत होता, पर्सची चेन अर्धवट लागली होती. पहिलं पुस्तक माझ्याकडच्या दोनांत होतं, ते मी सभेसाठी टेबलावर आणून ठेवलं होतं.

देवीदासजी बोलले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाले, "पहिल्याच पुस्तकाचं हे पान घ्या. बस, या एका पानावरच निर्णय करा."

अध्यक्ष म्हणाले, "मग वाचा ते पान. सभेला कळलं पाहिजे."

देवीदासजी अडकले. "बायामाणसांसमोर कसं वाचाचं साहेब?" त्यांनी पुस्तक दिनेशकडे दिलं, दिनेशनं ते सचिवांकडे दिलं. सचिवांनी ते टेबलावर ठेवून दिलं.

मागच्या रांगेतून सुगंधाबाई उठल्या. तलावाच्या कोपऱ्यावर पालेभाजी विकतात, साठी उलटलेली. मंगळवारी दुपारी लता मोठ्या बायांना अक्षरं शिकवते, त्या वर्गात त्या दोन वर्षं येतात. पाटीवरचं वाचतात, बसवरचं वाचतात. सभेत त्या कधी बोललेल्या नव्हत्या.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "मी वाचतो."

आणि वाचायला लागल्या. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द जोडत. जोडाक्षर आलं की थांबायच्या, ओठांत पुटपुटायच्या, मग मोठ्यानं म्हणायच्या. पानावरची बाई गिरणीतून घरी येते, नवरा तिचा डबा फेकतो, शिव्या देतो. त्या शिव्या सुगंधाबाईंनी बाकीच्या शब्दांसारख्याच वाचल्या, त्याच चालीत, एक अक्षरही न गाळता. कुणी फिदीफिदी हसलं नाही. बाई जमिनीवरचा भात गोळा करते, धुऊन पोरांना घालते. सकाळी कामावर जाताना एका दारात पाणी मागते. तिथली बाई म्हणते, ओंजळ धर, भांडं नाही देणार. ही ओंजळ मागे घेते. पुढची ओळ, 'तेव्हा मी त्या बाईला म्हणाले,' आणि पान संपलं.

एक पान वाचायला पाव तास लागला असेल. गुणवंतभाऊ डोळे पुसत होते आणि लपवतही नव्हते. माझंही तेच चाललं होतं. लतानं भिंतीकडे तोंड केलं होतं.

सुगंधाबाईंनी बोट आत ठेवून पुस्तक मिटलं. "झालं. एवढंच पान होतं ना? आता मले सांगा, याच्यात घाण कोणती होती. मी हळू वाचतो, एखादा शब्द सुटला असंन."

अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. मतदान घेऊ. पुस्तकं काढावीत असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर..."

"थांबा ना साहेब," देवीदासजी म्हणाले. ते उभे राहिले होते आणि अध्यक्षांकडे बघतही नव्हते.

"मंग? काय म्हणे ते त्या बाईले? पान पलटवा ना, मावशी."